३८३ किलोमीटर, ५९ मिनिटं आणि एक शुद्ध थाप

जालावर कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाका. त्यांच्यातलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगणारी पानं ढिगाने मिळतात. मुंबई-दिल्ली टाका, लंडन-न्यूयॉर्क टाका, पठ्ठे कधी नाही म्हणत नाहीत. अगदी उत्तर टोकाचे दोन विमानतळ घेतले, समजा रेझोल्यूट बे आणि ग्रीस फिओर्ड, तरी या पानांमागचं सूत्र डोळे झाकून उत्तर देतं: ३८३ किलोमीटर, ५९ मिनिटं.

यातले ३८३ किलोमीटर बरोबर आहेत. ५९ मिनिटं ही थाप आहे. आणि ती मारणारे आपण आहोत, म्हणजे तुम्ही-मी, आयटीतले हमाल. म्हणून हा वीकांत तिच्यावर खर्ची घालतोय.

आधी ही गावं कुठली ते सांगतो. कॅनडाच्या नकाशात वर वर जात राहा. झाडं संपतात, रस्ते संपतात, मग नुनावुत नावाचा प्रदेश लागतो. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सहापटीहून जास्त आणि २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ३६,८५८. (सोमवारी सकाळी हिंजवडीच्या चौकात याहून जास्त माणसं अडकलेली असावीत.) या अख्ख्या प्रदेशात २५ वस्त्या आहेत आणि त्यातल्या कुठल्याही दोन वस्त्या रस्त्याने जोडलेल्या नाहीत. एकही नाही. दुसऱ्या गावाला जायचं तर विमान, उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात बर्फावरची स्नोमोबिल.

त्यातही रेझोल्यूट आणि ग्रीस फिओर्ड म्हणजे उत्तरेचं टोक. २०२१ साली रेझोल्यूटची लोकसंख्या १८३ आणि ग्रीस फिओर्डची १४४. आमच्या सोसायटीच्या दोन विंग धरा. इनुइट लोक रेझोल्यूटला कौसुइत्तुक म्हणतात, म्हणजे जिथे पहाट होत नाही ती जागा. ग्रीस फिओर्डला औयुइत्तुक, जे कधी वितळत नाही ते. नावं ठेवणाऱ्यांनी कवितेबिवितेसाठी ठेवली नसणार, जे दिसलं ते सांगितलं. रेझोल्यूटमध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य मावळतो तो फेब्रुवारीत उगवतो.

आता अंतराचं गणित. पृथ्वी गोल असल्यामुळे ते हॅवरसाइन नावाच्या सूत्राने काढतात. कॉलेजात नसेल शिकवलं तरी नोकरीत कधी ना कधी आपण सगळ्यांनीच ते कुठून तरी उचलून डकवलेलं असतं. ते सूत्र चोख आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. उलट उत्तरेत त्याची खरी गरज लागते. या दोन गावांच्या रेखांशांत १२ अंशांचा फरक आहे. पुण्याहून सरळ पूर्वेला १२ अंश गेलात तर तुम्ही जगन्नाथपुरीच्या आसपास पोचता, बाराशेहून जास्त किलोमीटर. पण ७५ अक्षांशावर रेखांश एकमेकांच्या इतके जवळ आलेले असतात की एक अंश म्हणजे जेमतेम २९ किलोमीटर. पुण्यात तोच अंश १०५ किलोमीटरचा असतो. अंशांवर थेट पायथागोरस चालवणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांच्या हिशोबाने ही दोन गावं एकमेकांपासून साडेतेराशे किलोमीटरवर जातील. असो. तेवढा गाढवपणा सहसा कोणी करत नाही आणि ३८३ हा आकडा बरोबर येतो.

गडबड पुढच्या ओळीत आहे. अंतर भागिले ताशी ८०० किलोमीटर, अधिक चढउतारासाठी ३० मिनिटं. बास. हे एवढंच. ३८३ भागिले ८०० म्हणजे २९ मिनिटं, त्यात ३० मिळवा, झाली ५९.

ताशी ८०० हा वेग जेट विमानाचा. ग्रीस फिओर्डला जेट उतरतच नाही, कारण तिथली धावपट्टी खडीची आहे आणि लांबी पाचशे मीटरहून थोडीशीच जास्त. मुंबईची मोठी धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या घरात आहे, त्यावरून कल्पना करा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या पट्टीत गाव आणि गावाला चिकटून ही पट्टी. इथे उतरतं ते ट्विन ऑटर. दोन पंख्यांचं, जास्तीत जास्त १९-२० माणसांचं विमान, १९६५ साली पहिल्यांदा उडालेलं डिझाईन. अजूनही त्याला तोड नाही, कारण इतक्या आखूड आणि ओबडधोबड जागेवर नियमितपणे उतरू शकेल असं दुसरं फारसं काही कोणी बनवलेलंच नाही. पण वेग ताशी २८० च्या आसपास.

म्हणजे वारा नसेल तर एक तास बावीस मिनिटं. समोरून ताशी ६० किलोमीटरचा वारा असेल तर पावणेदोन तास, पाठीमागून असेल तर सव्वा तासाच्या आत. म्हणजे नुसत्या वाऱ्याने अर्ध्या तासाहून जास्त फरक. जेटला असा वारा फारसा जाणवणार नाही, कारण ८०० पुढे ६० म्हणजे किस झाड की पत्ती. पण २८० मधून ६० गेले की पाचवा हिस्सा गेला. विमान जितकं हळू तितका वारा महाग, हे कळायला एरोनॉटिक्सची पदवी लागत नाही, मुळा-मुठेवरच्या पुलावरून समोरच्या वाऱ्यात सायकल हाणलेली असली तरी पुरे.

आणि हे सगळं विमान उडालं तर! धुकं, बर्फाचं वादळ, बाजूने येणारा वारा, यातलं काहीही ग्रीस फिओर्डचा रस्ता बंद करायला पुरेसं असतं. मग आजचं विमान उद्यावर, उद्याचं परवावर. तिथल्या माणसाला 'किती वेळ लागेल' असं विचारलंत तर तो दिवसांत उत्तर देईल. आपण मिनिटांत दिलं, तेही सम नाही तर विषम, ५९! एक तासच म्हटलं असतं तर निदान अंदाज वाटला असता. ५९ म्हटलं की कोणीतरी घड्याळ लावून मोजलंय असं वाटतं.

इथे कोणी म्हणेल, जाऊ दे की राव, एवढं काय त्यात. त्याच्यासाठी एक गोष्ट सांगतो. २० ऑगस्ट २०११ रोजी फर्स्ट एअरचं एक बोइंग ७३७ येलोनाइफहून रेझोल्यूटला येत होतं. रेझोल्यूटची धावपट्टी लांब आहे, तिथे जेट उतरू शकायचं. विमानात १५ जण होते. ते धावपट्टीच्या पूर्वेला जेमतेम दोन किलोमीटरवरच्या टेकडीवर आदळलं. १२ जण गेले, तिघे वाचले. २०१४ साली तपासाचा अहवाल आला. त्यात कारणांची साखळी होती, आणि तिच्यातली एक कडी म्हणजे विमानाचा कंपास काही अंशांनी चुकलेला होता. सहवैमानिक पुन्हापुन्हा सांगत होता की आपण बाजूला गेलोय.

कंपास का चुकतो? कारण चुंबकीय उत्तर ध्रुव कित्येक दशकं याच बेटांमध्ये फिरत होता, आता तो सायबेरियाच्या दिशेने सरकलाय. ध्रुवाजवळ पृथ्वीच्या चुंबकत्वाचा ओढा जवळजवळ सरळ खाली असतो, त्यामुळे आडवी फिरणारी सुई बावचळते. म्हणून कॅनडाच्या या भागात दिशा चुंबकीय उत्तरेवरून सांगतच नाहीत, खऱ्या भौगोलिक उत्तरेवरून सांगतात. रेझोल्यूटच्या धावपट्टीचा क्रमांकसुद्धा तसाच आहे, १७ आणि ३५ च्या पुढे खऱ्या उत्तरेचं 'टी' अक्षर लावलेलं. वैमानिकाला जायरोचा कंपास हाताने जुळवावा लागतो, पुन्हा तपासावा लागतो. विचार करा, जिथे 'उत्तर कुठे' हाच प्रश्न दर फेरीला नव्याने सोडवावा लागतो, तिथे आपण अक्षांश-रेखांशांच्या दोन जोड्या घेऊन मिनिटाच्या अचूकतेने उत्तर देतोय.

मला मात्र या ३८३ किलोमीटरबद्दल सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट विमानाची नाहीच. ती १९५३ ची आहे.

त्या वर्षी कॅनडा सरकारने उत्तर क्यूबेकमधल्या इनुक्युआक गावची काही इनुइट कुटुंबं उचलून दोनेक हजार किलोमीटर उत्तरेला आणून सोडली. सोबत पाँड इनलेटची काही कुटुंबं होती, वरच्या काळोखात कसं जगायचं ते शिकवायला. शिकार मुबलक आहे, नाही पटलं तर दोन वर्षांनी परत आणू, असं सांगितलेलं होतं. १९५५ साली आणखी कुटुंबं नेली. त्या निर्मनुष्य बेटांवर कॅनडाची माणसं राहतात असं जगाला दाखवता यावं, हाही त्यात हेतू होता असा आरोप पुढे झाला आणि तो अजून पुसला गेलेला नाही. ही कुटुंबं बोटीवर चढताना आपण सगळे एकत्रच राहणार असं समजून चालली होती. वेगळं व्हायचंय, काहींनी ग्रीस फिओर्डकडे उतरायचं आणि काहींनी रेझोल्यूटला, हे त्यांना बोटीवर कळलं. नातेवाईक दोन ठिकाणी विभागले गेले. मध्ये हेच अंतर. परत नेण्याचं वचन काही पाळलं गेलं नाही. सरकारने रीतसर माफी मागितली ती २०१० साली, तोवर त्यातली बरीच माणसं हयात नव्हती.

कोणीतरी ऑफिसात बसून नकाशावर दोन टाचण्या टोचल्या होत्या. त्यालाही बहुधा अंतर बरोबर माहीत असणार. अंतर कळलं म्हणजे जागा कळली असं समजणं ही त्याचीच सवय, आपल्याकडे ती फक्त कोडमध्ये आली.

आज त्या १४४ माणसांचं काय चालतं ते बघा. गावात आरोग्य केंद्र आहे, नर्स आहेत, हॉस्पिटल नाही. मोठं हॉस्पिटल इक्वालुइटला. रेझोल्यूटहून इक्वालुइट १,५७५ किलोमीटर. म्हणजे आधी ट्विन ऑटरने रेझोल्यूट, तिथे पुढच्या विमानाची वाट, मग इक्वालुइट आणि तिथेही जमलं नाही तर ऑटावा. गरोदर बाईला दिवस भरायच्या काही आठवडे आधीच गाव सोडून दक्षिणेला जावं लागतं. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते, इथे ती नवरा आणि मोठी पोरं मागे ठेवून परक्या शहरात तारखेची वाट बघत बसते. का? तर कळा सुरू झाल्यावर ५९ मिनिटांत कुठेही पोचता येत नाही म्हणून.

बरं, इथे निदान विमान आहे. दुसरी जोडी घ्या: इक्वालुइट आणि ग्रीनलंडची राजधानी नूक. मध्ये समुद्र, अंतर ८२० किलोमीटर. सूत्राप्रमाणे दीड तास. दोन्हीकडे इनुइट लोक, भाषा एकमेकांच्या चुलत बहिणी. पण वर्षानुवर्षं या दोन गावांमध्ये नियमित विमानच नव्हतं. जायचं तर पूर्वेला आइसलंड नाही तर डेन्मार्क, तिथून अटलांटिक पुन्हा ओलांडून कॅनडाचं एखादं दक्षिणेकडचं शहर, मग पुन्हा उत्तरेला. समोरच्या दाराशी जायला गावाला वळसा नाही, महासागराला वळसा. मध्ये काही वर्षं उन्हाळ्यापुरती सेवा सुरू झाली आणि बंद पडली, २०२४ च्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा अशी पुन्हा सुरू केली गेली. आपलं पान मात्र हा सगळा काळ शांतपणे 'दीड तास' सांगत बसलं असतं. विमान असो वा नसो, त्याला सोयरसुतक नाही.

आता तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आपण काय ग्रीस फिओर्डला चाललोय? न जाऊन सांगता कोणाला! १५ ऑक्टोबर २०२४ रोजी एअर इंडियाचं दिल्ली-शिकागो विमान बॉम्बच्या धमकीमुळे इक्वालुइटला उतरवलं. आत दोनशेवर माणसं. त्यातल्या किती जणांनी त्या गावाचं नाव ऐकलं असेल? धमकी खोटी निघाली, पण ती माणसं पुढे शिकागोला पोचली ती कॅनडाच्या हवाई दलाच्या विमानाने. त्याआधी जून २०२३ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या मगदानला उतरलं, तिथे प्रवाशांना शाळेच्या इमारतीतसुद्धा झोपावं लागलं आणि मुंबईहून दुसरं विमान पाठवावं लागलं. ऑनसाईटला जाताना समोरच्या स्क्रीनवर विमान उत्तरेकडून वळसा घेताना दिसतं ना, त्या नकाशावर पांढऱ्या भागात जी दोन-चार अनोळखी नावं असतात ती सजावटीला नसतात. वेळ आली तर आपण तिथेच उतरणार आहोत.

तर ही पानं कशी बनतात ते मी जवळून पाहिलंय. काही महिने मी प्रवासाशी संबंधित एका प्रोजेक्टवर होतो, कोणाचा ते राहू दे. मागणी साधी होती: प्रत्येक विमानतळाचं प्रत्येक विमानतळाशी एक पान. ४,००० विमानतळ घेतले तर जोड्या होतात जवळपास ८० लाख. त्यातल्या बहुतेक जोड्यांमध्ये सरळ विमान उडालेलं नाही आणि उडणारही नाही. तरी प्रत्येकाला पान, पानावर शीर्षक, शीर्षकात मिनिटं आणि कडेला जाहिरात.

मी रिव्ह्यूत लिहिलं की जिथे उड्डाणाचा डेटाच नाही तिथे वेळ दाखवू नये, 'सरळ विमान नाही' असं लिहावं. आमचा सीनियर भला माणूस, चहाला घेऊन गेला.

"अरे, रिकामी जागा दिसली की क्लायंटला दुखतं."

"रिकामी कुठे, वाक्य आहे की तिथे."

"वाक्य नको, आकडा हवा. आणि मला सांग, ग्रीस फिओर्डवाला कोण बघायला येणारे?"

माझी कमेंट 'ब्लॉकर नाही' असा शेरा मारून बंद झाली.

या 'कोण बघणारे' वर मात्र मला बोलायचंय. मुंबई-दिल्लीची वेळ चुकली तर लगेच शंभर जण बोंब मारतील, म्हणून ती चुकत नाही. जिथे बोंब मारायला माणसं नाहीत, तिथेच आपण वाटेल ते छापतो. म्हणजे अचूकता सत्यासाठी नाही, तक्रारीच्या भीतीसाठी! आणि मुंबई-दिल्लीवाल्याला या पानाची गरजच काय, त्याला पन्नास ठिकाणी वेळापत्रक मिळतं. गरज असते ती पहिल्यांदाच तिकडे निघालेल्या नर्सला, मास्तरला, बर्फावर काम करणाऱ्या एखाद्या पीएचडीवाल्याला. म्हणजे ज्याला खरंच माहीत नाही, नेमका त्यालाच आपण फसवतो. शिवाय आता आकडा पानापुरता राहतही नाही. तो दुसरं पान उचलतं, तिथून सर्च इंजिन उचलतं, तिथून एखादा चॅटबॉट. पाच ठिकाणी सारखंच दिसलं की वाचणाऱ्याला वाटतं पक्की माहिती आहे, आणि मुळाशी असतो कोणाचा तरी ८०० ने केलेला भागाकार.

दुसरं पालुपद, 'अरे तो अंदाज आहे'. अंदाज मला मान्य आहे. आईला विचारलं की कुकरच्या किती शिट्ट्या, तर ती अंदाजच सांगते. पण डाळ कुठली, जुनी की नवी, भिजवली होती का, हे आधी विचारते. विमान कुठलं, धावपट्टी केवढी, मुळात विमान आहे का, यातलं काही न विचारता केलेल्या भागाकाराला अंदाज म्हणणं म्हणजे आईचा अपमान आहे :)

बरं, हे दुरुस्त करणं अवघड आहे का? धावपट्टीची लांबी उघड उपलब्ध असते. ती हजार मीटरच्या आत असेल तर जेटचा वेग लावायचा नाही, एवढी एक अट. वेळापत्रकाच्या टेबलात जोडी आहे की नाही, एक जॉइन. नसेल तर मिनिटांच्या जागी शब्द. शुक्रवारी दुपारी जेवून बसलं तर चहाच्या आत होईल. म्हणजे रेझोल्यूट बे ते ग्रीस फिओर्ड या पानावर असं येईल: हवाई अंतर ३८३ किलोमीटर, छोटं पंख्याचं विमान, हवा बरी असेल तर साधारण दीड तास, रोज नाही, हवामानामुळे रद्द होऊ शकतं, निघण्याआधी विमान कंपनीला फोन करा. मोबाइलच्या स्क्रीनवर मोजून चार ओळी बसतात, मी बसवून बघितल्या. सीनियरला दाखवल्या तेव्हा तो म्हणाला, छान आहे, पण मग जाहिरात खाली सरकते.